एकट्याचे उड्डाण, पुष्कळांचे हात

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी कोणी संतांचे चरित्र लिहिते, कोणी यात्रेचे वर्णन करते, कोणी पाककृती देते. यंदा मी एका उड्डाणाचा इतिहास लिहावयाचे ठरविले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. विमानाच्या शास्त्रातले हिला काय कळते, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. वाचनालयातून पुस्तके आणून जे वाचले, समजून घेतले, तेच येथे सांगते. या हकिगतीतले मर्म समजावयास शास्त्र लागत नाही. ज्या घरात चार माणसे एकमेकांच्या अडीअडचणीला उभी राहतात, त्या घरातल्या बाईला ते आपोआप कळेल.

गोष्ट आहे १९३० सालच्या मे महिन्यातली. तो काळ डोळ्यांपुढे आणा. दांडीचा मिठाचा सत्याग्रह नुकताच झाला होता आणि ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली. त्याच वर्षी आपल्याकडे बिळाशीला जंगल सत्याग्रह पेटला. तेव्हा बिळाशी सातारा जिल्ह्यात होती. आजचा सांगली जिल्हा पुढे निराळा झाला. देश असा जागा होत असताना काही तरुण आकाशाची वाट चाचपून पाहत होते. हिंदी माणूस विमान चालवू शकतो काय, असे साहेबांच्या राज्यात उघड विचारले जाई. त्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे होते.

आगाखान यांनी १९२९ साली ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. जो हिंदी वैमानिक इंग्लंड ते हिंदुस्थान, किंवा हिंदुस्थान ते इंग्लंड, हा प्रवास एकट्याने आणि ठरलेल्या मुदतीच्या आत प्रथम पुरा करील, त्याला ते मिळावयाचे होते. अंतर सुमारे ५,००० मैल. आज विमानात बसून चहा घेत माणसे लंडनला जातात, त्यामुळे यात मोठे ते काय, असे वाटेल. म्हणून त्या वेळचे विमान कसे होते, ते आधी सांगते.

त्या विमानाचे नाव जिप्सी मॉथ. मॉथ म्हणजे पतंग, दिव्याभोवती फिरतो तो. पंख वर एक आणि खाली एक असे दुहेरी. पंखांचा सांगाडा लाकडाचा आणि त्यावर चक्क कापड ताणून बसविलेले! ते कापड सांगाड्याला सुईदोऱ्याने टाके घालून शिवावयाचे आणि त्यावर डोप नावाचे रोगण चढवावयाचे, म्हणजे ते आवळून खळ दिलेल्या कापडासारखे ताठ होई. पहिल्या महायुद्धात विमानांच्या पंखांचे हे शिवणकाम कारखान्यांतून हजारो बायकांनी केले होते. वैमानिकाची जागा उघडी. डोक्यावर छप्पर नाही. ऊन, वारा, पाऊस, वाळू सारे तोंडावर घ्यावयाचे. जमिनीशी बोलावयास बिनतारी यंत्र नाही. हातात नकाशा, पुढे होकायंत्र, आणि खाली दिसणारी नदी, रूळ, समुद्राचा किनारा हीच वाट दाखविणारी. वेग ताशी ८०-८५ मैल. आज पुणे-बंगळूर रस्त्यावर जोरात हाकलेली मोटार धावते, त्याहून फार जास्त नाही. टाकीतले पेट्रोल संपण्यापूर्वी कोठे तरी उतरावयाचेच. लंडन ते कराची हा पल्ला असा उतरत, चढत आणि वाटेत स्वतःच यंत्र दुरुस्त करीत कापावयाचा.

या बक्षिसासाठी तीन तरुण निघाले. पहिले मनमोहन सिंग. त्यांनी आपल्या विमानाचे नाव ‘मिस इंडिया’ ठेवले होते. ते वाटेत अडखळले, पुन्हा निघाले, कराचीला पोहोचलेही. पण ठरलेली मुदत उलटून गेली होती. दुसरे अस्पी इंजिनियर. वय अवघे सतरा. त्यांचे वडील रेल्वेत होते. मार्च महिन्यात आर. एन. चावला यांच्याबरोबर हा मुलगा हिंदुस्थानातून इंग्लंडला उडत गेला होता. आता एकट्याने परत यावयाचे म्हणून २५ एप्रिल रोजी तो लंडनजवळच्या क्रॉयडनहून निघाला.

तिसरे आपल्या मुंबईचे जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजेच जे. आर. डी. टाटा. यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसला झाला. वडील पारशी, आई फ्रेंच. सासरी आल्यावर आईचे नाव सूनी ठेवले होते. फ्रान्सच्या किनाऱ्यावर हार्डेलो येथे टाटांचे उन्हाळ्याचे घर होते आणि शेजारीच ब्लेरियो यांचे घर. हे ब्लेरियो म्हणजे १९०९ साली इंग्लंड व फ्रान्स यांमधली खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे. शेजाऱ्यांची विमाने वाळूवर उतरताना पाहून या मुलाचे डोळे आकाशाला लागले. पंधराव्या वर्षी त्यांना एकदा विमानातून फेरी मारावयास मिळाली आणि तेव्हाच मनाशी ठरले. पण शिकावयाचे कोठे? त्यासाठी पुढे जवळजवळ दहा वर्षे थांबावे लागले. मुंबईत फ्लाइंग क्लब निघाला, तेव्हा ते शिकावयास गेले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानात दिलेला तो पहिला परवाना. त्यावर क्रमांक १ लिहिला होता.

टाटा ३ मे १९३० रोजी कराचीहून पश्चिमेकडे निघाले. अस्पी पूर्वेकडे येत होते. दोघांची वाट एकच, तोंडे मात्र परस्परांकडे. जो आधी पोहोचेल त्याचे बक्षीस. आणि या दोघांची गाठ पडली इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियाजवळ अबूकीर येथे.

टाटा तेथे उतरले तो दुसरे एक मॉथ उभे. चौकशी केली, तर ते अस्पींचे. पोर अडकून पडले होते. विमानाचे स्पार्क प्लग निकामी झाले होते आणि जवळ जादा प्लग नव्हते. स्पार्क प्लग म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी स्कूटर आहे त्यांना सांगावयास नको. बोटभर वस्तू, पण ती ठिणगी पाडते तेव्हाच पेट्रोल पेटते. ती नसली तर सारे विमान म्हणजे लाकूड आणि कापड. नवे प्लग येईपर्यंत वाट पाहण्यावाचून अस्पींना गत्यंतर नव्हते.

आता विचार करा. टाटांनी विचारपूस करून, पेट्रोल भरून पुढची वाट धरली असती, तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. शर्यत होती, आपले सामान आपण सांभाळावे हा साधा नियम. अस्पी जितके दिवस अडकून राहतील तितके टाटांचे बक्षीस जवळ येणार होते. शिवाय पुढे समुद्राकाठचा लांबचा पल्ला पडलेला. आपले जादा प्लग देऊन टाकले आणि पुढे स्वतःचेच बिघडले तर? तरीही टाटांनी आपल्याजवळचे प्लग काढून त्या मुलाला दिले. अस्पींना काय करू नि काय नको असे झाले. त्यांनी आपले पाण्यावर तरंगण्याचे जाकीट टाटांना दिले. कारण टाटांना पुढे समुद्रावरून जावयाचे होते. मग दोघे आपापल्या दिशेने उडाले.

निकाल काय लागला? ११ मे रोजी अस्पी कराचीला उतरले. टाटा १२ मे रोजी क्रॉयडनला पोहोचले. बक्षीस अस्पींना मिळाले.

टाटांच्या आयुष्यात पुढे मानमरातब पुष्कळ आले, १९९२ साली भारतरत्नही मिळाले. पण या हरण्याची आठवण ते आनंदाने सांगत. आणि त्या हरण्यातून देशाला काय मिळाले ते पहा. तो सतरा वर्षांचा मुलगा हवाई दलात गेला आणि १९६० साली भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. प्लगच्या एका पुडक्याची एवढी किंमत झाली.

याच दिवसांत, याच वाटेवर, एक बाई एकटी उडत येत होती. तिचे नाव एमी जॉन्सन. इंग्लंडमधल्या हल गावच्या मासे विकणाऱ्या व्यापाऱ्याची ही मुलगी. लंडनला एका वकिलाच्या कचेरीत टंकलेखनाचे काम करी आणि उरल्या वेळात विमान शिके. केवळ चालविणेच नव्हे, तर यंत्राची दुरुस्तीही ती हात काळे करून शिकली आणि त्या कामाचा परवाना मिळविला. वडिलांनी थोडे पैसे घातले, एका धनिकाने थोडे. त्यातून जुने मॉथ विकत घेतले. ५ मे १९३० रोजी ती क्रॉयडनहून निघाली ती ऑस्ट्रेलियाला जावयास. सहाव्या दिवशी, १० मे रोजी, ती कराचीला होती. म्हणजे अस्पी उतरले त्याच्या आदल्या दिवशी!

कराचीहून ती अलाहाबादकडे निघाली. वाट चुकली, पेट्रोल संपत आले, आणि उतरली कोठे? आपल्या राणीच्या झाशीला. लष्कराच्या कवायतीच्या मैदानावर ती उतरली, पण विमान पुढे जाऊन आदळले आणि पंख मोडला. तिथल्या सुताराने आणि शिपायांनी तो सांधून दिला. दुसऱ्या दिवशी ती पुढे गेली. ब्रह्मदेशात रंगूनजवळ तर याहून वाईट झाले. ती चुकून एका तांत्रिक शाळेच्या खेळाच्या मैदानावर उतरली आणि विमान खड्ड्यात गेले. पंख फाटला. विमानाचे कापड तेथे कोठून असणार? पण पहिल्या महायुद्धातले शिल्लक राहिलेले विमानाचे कापड गावात कोणी तरी पूर्वी घेऊन त्याचे शर्ट शिवले होते. ते शर्ट उसवून त्यांचे तुकडे पंखाला ठिगळासारखे लावले. रोगण एका औषधवाल्याने तयार केले. शाळेच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी लाकूड, लोखंड जोडले. २४ मे रोजी ती बाई ऑस्ट्रेलियात डार्विनला पोहोचली. इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया एकटीने उडत जाणारी ती पहिली स्त्री. तिचे नाव जगभर झाले, आणि ते योग्यच झाले. पण तिच्या पंखावर झाशीच्या सुताराचा हात होता आणि रंगूनच्या कोणाच्या तरी अंगातला शर्ट होता, हेही विसरू नये.

आता पुन्हा टाटांकडे येते. बक्षीस गेले, पण त्यांनी आकाश सोडले नाही. नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाच्या जोडीने त्यांनी विमानातून टपाल नेण्याची योजना केली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन टाटा एकटे निघाले. वाटेत अहमदाबादला उतरले. तेथे विमानाचे पेट्रोल डब्यांत भरून बैलगाडीतून आणले होते! मग दुपारी मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून व्हिन्सेंट यांनी टपाल घेतले आणि ते बळ्ळारीवरून मद्रासला नेले. हीच टाटांची टपालसेवा पुढे वाढत वाढत एअर इंडिया झाली.

नकाशावर मुंबई ते बळ्ळारी अशी सरळ रेघ ओढून पहा. मी मुलाच्या पट्टीने ओढून पाहिली. ती खटावाजवळून, विटा आणि कवठेमहांकाळच्या बाजूने खाली कर्नाटकात उतरते. आपल्या सातारा-सांगलीच्या माळावर तेव्हा बाया ज्वारी खुरपत असतील, त्यांच्या डोक्यावरच्या आभाळातून देशाच्या विमानसेवेची पहिली वाट जात होती. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलाने भरे, तेव्हा टाटांची विमाने पुण्याहून ये-जा करीत. पुढे कराडला धावपट्टी झाली, सांगलीजवळ कवलापूरलाही झाली. म्हणजे हा इतिहास आपल्या दारावरून गेलेला आहे.

माझे माहेर खटावकडचे. सातवी झाल्यावर आठवीसाठी दुसऱ्या गावी चालत जावे लागे. बरोबर जाणारी दुसरी मुलगी नव्हती. “एकटी कशी जाईल?” एवढ्या एका वाक्यावर माझी शाळा थांबली. घरच्यांना मी दोष देत नाही. त्यांची काळजी खरी होती. पण हे उड्डाणांचे इतिहास वाचताना ते वाक्य मला वारंवार आठवले. मनात आले, की एकटी कशी जाईल हे सगळे विचारतात. तिच्यासाठी वाटेवर आपण कोठे उभे राहू, हे का विचारीत नाहीत?

ज्यांच्यासाठी कोणी तरी उभे राहिले, त्या बायका कोठवर गेल्या ते पहा. १९३६ साली लाहोरला सरला ठकराल यांनी साडी नेसून, एकटीने विमान उडविले. तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या आणि पदरी चार वर्षांची मुलगी होती. त्यांचे पती स्वतः वैमानिक. त्यांनी व सासरच्यांनी उत्तेजन दिले. १९८५ साली आपल्या सौदामिनी देशमुख यांनी कलकत्ता ते सिलचर हे प्रवासी विमान नेले, त्यात वैमानिकांपासून सेवकवर्गापर्यंत सर्व स्त्रियाच होत्या.

आणि मुंबईची आरोही पंडित! २०१८ साली ती आणि किथेअर मिस्किटा अशा दोघी एका चिमुकल्या विमानातून जगाच्या प्रवासाला पतियाळाहून निघाल्या. विमानाचे नाव ‘माही’. पुढे महासागर ओलांडावयाची वेळ आली तेव्हा आरोही एकटी गेली. स्कॉटलंडहून आइसलंड, ग्रीनलंड असे बर्फाचे मुलूख मागे टाकीत मे २०१९ मध्ये ती कॅनडाला उतरली. अशा हलक्या विमानातून अटलांटिक महासागर एकटीने ओलांडणारी ती जगातली पहिली स्त्री. वय तेवीस.

टाटांनी आपले १९३२ सालचे टपालाचे उड्डाण पन्नास वर्षांनी, १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा एकट्याने करून दाखविले होते. त्यांचे निधन १९९३ साली झाले. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी आरोहीने त्यांच्या स्मरणार्थ तीच वाट पुन्हा धरली. कराची आता परदेशात. म्हणून ती भूजहून निघाली आणि अहमदाबादवरून जुहूला उतरली.

या भूजची धावपट्टी सामान्य नव्हे. डिसेंबर १९७१ च्या युद्धात शत्रूने बाँब टाकून ती उखडून टाकली. विमानांना उतरावयास जागा राहिली नाही. तेव्हा तळाचे प्रमुख होते विजय कर्णिक, आपले मराठी अधिकारी. त्यांनी जवळच्या माधापर गावाला हाक दिली, आणि सुमारे ३०० बायका चूल-मूल शेजारणीवर सोपवून आल्या. भोंगा वाजला की झुडपांत लपावयाचे, थांबला की पुन्हा पाट्या उचलावयाच्या. वरून दिसू नये म्हणून धावपट्टी शेणाने सारवली. सारवणे! जे काम आपल्या आजी-पणजींनी जन्मभर केले, ते तेथे देशाच्या रक्षणाला आले. ७२ तासांत धावपट्टी तयार झाली. त्या बायकांपैकी कोणाला विमान चालविता येत नव्हते. पण त्यांच्या हातांवाचून एकही विमान उडाले नसते.

भगिनींनो, एकट्याने केलेले उड्डाण म्हणून इतिहासात जे लिहितात, ते खोटे नाही. आकाशात गेल्यावर धैर्य ज्याचे त्यालाच लागते. तेथे दुसरा कोणी सुकाणू धरावयास येत नाही. परंतु जमिनीवरून उठण्यापूर्वी आणि जमिनीवर पुन्हा टेकल्यावर पुष्कळांचे हात लागतात. कोणी प्लग देतो, कोणी शर्ट उसवून देतो, कोणी बैलगाडीतून पेट्रोल आणतो, कोणी जमीन सारवते. त्यांची नावे बहुधा लिहिली जात नाहीत. आपण बायका बहुतेक त्याच रांगेतल्या. त्यात कमीपणा मानू नये. पण आपल्यातली एखादी उडावयास निघाली, तर तिला खाली ओढणारा हात मात्र आपला असू नये.

म्हणून या वर्धापनदिनाच्या निमित्ताने एक सूचना मांडते. आपल्या आळीतल्या मुली आता पुण्याला, बंगळूरला शिकावयास, नोकरीस जातात. परीक्षेसाठी परगावी जावयाचे तर भाडे नसते, उतरावयास ओळखीचे घर नसते, सोबत नसते. मंडळाने दर महिन्याच्या वर्गणीतून थोडी रक्कम या कामासाठी निराळी काढावी. आणि कोणा सभासदेचे माहेर, बहीण, नणंद कोणत्या गावी आहे, याची एक वही करावी. म्हणजे मुलगी परगावी उतरली की आपल्यापैकीच कोणाचे तरी दार तिच्यासाठी उघडे राहील. खर्च फार नाही. एका प्लगाएवढा.

पुढच्या स्मरणिकेपर्यंत त्या वहीची निदान दोन पाने भरावीत, एवढी आपणा सर्वांना विनंती करून लेखणी खाली ठेवते.